'त्सान' ते 'दात': जर्मन शब्दाचं मूळ कसं शोधायचं

ठाण्यात गोखले रोडवर दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली, तर जर्मन शिकणाऱ्याने तोच शब्द सरावाला घ्यावा. जर्मनमध्ये दात म्हणजे 'त्सान'; स्पेलिंग झेड, ए, एच, एन.

आजचं स्पेलिंग घेऊन थेट संस्कृतकडे धावू नका. आधी व्युत्पत्तिकोशात शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप बघा. फ्रीडरिख क्लुगेचा जर्मन व्युत्पत्तिकोश (पहिली आवृत्ती १८८३) यासाठी उत्तम. रूपाआधी तारांकन असेल, तर ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून मांडलेलं आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये, म्हणजे जर्मनच्या सर्वांत जुन्या लिखित टप्प्यात, 'त्सान'सोबत 'त्सांड'ही मिळतं. म्हणजे शेवटचा ड नंतर गळला. मधला एच मात्र जुना नाही, स्वर लांब असल्याची ती नुसती खूण. उलट 'त्सेन' म्हणजे दहा, त्यातला एच अस्सल जुना. गॉथिक या जर्मनच्या जुन्या, आता लुप्त नातेवाईक भाषेतल्या 'तेहुन'मध्ये तो स्पष्ट आहे. इथे बरेच जण फसतात.

आता भावंडं शेजारी मांडा: डच 'टांड', इंग्रजी 'टूथ', गॉथिक 'तुन्थुस'. (ट-त, ड-द हा भेद इथे धरू नका, तो आपल्या लिपीचा आहे.) त्स एकट्या जर्मनमध्ये, कारण उच्च जर्मन व्यंजनबदलात शब्दारंभीच्या टचा त्स झाला: इंग्रजी टेन–जर्मन त्सेन, टंग–त्सुंगे. तो उलटा फिरवा, ट मिळेल. मग याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम (जर्मन, इंग्रजी, डच, गॉथिक यांच्या मूळ भाषेत जुन्या दचा ट, तचा थ झाला) उलटा लावा: टच्या मागे द, थच्या मागे त. हाती येतं द-न-त. संस्कृत 'दन्त', लॅटिन षष्ठी 'देन्तिस'.

'टूथ'मधला न कुठे गेला? थच्या आधी तो गळला आणि मागचा स्वर लांबला. 'दन्त'चा 'दात' होताना मराठीतही न असाच गेला आणि अ लांबला, तेही अगदी स्वतंत्रपणे! म्हणून 'दात' आणि 'टूथ' एवढेच जुळवलेत, तर मुळात न नव्हताच असं वाटेल. जर्मनने न जपला, शेवटचं व्यंजन सोडलं. डचने दोन्ही ठेवली. निदान तीन भाषा तरी हव्यातच.

उसन्या शब्दांना हे नियम लावू नका. 'त्सेंट्रुम' (केंद्र) लॅटिनमधून आला. त्यातला त्स टपासूनचा नाही. आणि जर्मन 'हाबेन' (जवळ असणे) व लॅटिन 'हाबेरे' अर्थाने, रूपाने सारखे असले तरी नात्याचे नाहीत. ग्रिमच्याच नियमाने जर्मन शब्दारंभीच्या हच्या मागे क लागतो, त्यामुळे 'हाबेन'चा लॅटिन भाऊ 'कापेरे', म्हणजे पकडणे.