रेडिएशननंतर तोंड कोरडं पडतं, तेव्हा गोळ्यांशिवाय काय करायचं

ह्यांच्या जिभेच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं तेव्हा वाटलं सुटलो बाबा, आणि त्याच आठवड्यात पोळीचा घास टाळ्याला असा चिकटला की बोटाने काढावा लागला. रेडिएशनने लाळेच्या ग्रंथींना मार बसतो, एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, ह्यांची जेमतेम आणि तीही दोऱ्यासारखी चिकट.

तांब्याभर पाणी एकदम ढोसून उपयोग नाही, ते पोटात जातं आणि तोंड तसंच, वर रात्री चारदा उठायचं. छोटी बाटली कायम जवळ, घोटभर घ्यायचं, तोंडात फिरवायचं, मग गिळायचं.

गुळण्यांसाठी लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा मीठ नि एक छोटा चमचा खायचा सोडा (बेकिंग पावडर नाही हं, मी आधी तीच आणली होती), जेवणानंतर आणि झोपताना, गिळायचं नाही. अल्कोहोलवाला माउथवॉश नकोच, ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं. शुगर-फ्री च्युइंगम चघळलं की उरलीसुरली लाळ सुटते. लिंबाची फोड चोखायला सांगणारे बरेच भेटतात पण आंबटाने दात झिजतात आणि तोंडही झोंबतं.

जेवण ओलंच. वरणभात पातळ, भाकरी दुधात कुस्करून, वर तूप. तंबाखू, दारू बंदच.

दातांकडे मात्र नीट बघा, लाळ नसली की दात पटापट किडतात. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, आणि दात काढायची वेळ आली तर डेंटिस्टला आधी रेडिएशन झालंय हे सांगायचंच, कारण त्या जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर घरगुती उपाय न करता डॉक्टरकडे.

नाशिकचा एप्रिल-मे म्हणजे हवा कोरडीठाक, रात्री खोलीत ओला पंचा वाळत टाकते, नाक चोंदलं असेल तर वाफ देते, नाहीतर तोंड उघडं ठेवून झोपतात नि पहाटे जीभ चामड्यासारखी होते.

लाळ काहींना वर्ष-दोन वर्षांत थोडी परत येते, काहींना नाही. ह्यांची थोडी आलीय. परवा मिसळ मागितली, तर्री न घालता, पाव रश्श्यात अगदी लगदा होईपर्यंत भिजवून अर्धा खाल्ला, आणि अधूनमधून बाटलीतून घोट.