फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडतेय? आधी तिचं शेपूट बघा

डबल क्लिक केलं की पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडते, फोटो पेंटमध्ये उघडतो, आणि एखादी फाइल तर उघडतच नाही. उलट विंडोजच विचारतं, ही कशात उघडू? अशा वेळी बरेचजण यादीत दिसेल तो प्रोग्रॅम निवडतात, ‘ऑलवेज’ दाबून मोकळे होतात आणि घोळ वाढवून ठेवतात. सेटिंगला हात लावण्याआधी एवढंच ठरवा: प्रोग्रॅम चुकीचा निवडला गेलाय, लागणारा प्रोग्रॅमच आपल्याकडे नाही, की फाइलच नावाप्रमाणे नाही? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं काम: शेपूट दिसू द्या

डबल क्लिक केल्यावर विंडोज फाइलच्या आत डोकावत नाही. नावातल्या शेवटच्या टिंबानंतर जे लिहिलेलं असतं (पीडीएफ, जेपीजी, डीओसीएक्स), त्या एक्स्टेन्शनवरून ते प्रोग्रॅम ठरवतं. आणि नेमकं हेच शेपूट ते सुरुवातीपासून लपवून ठेवतं! विंडोज ११ असेल तर फाइल एक्सप्लोरर उघडा, वरच्या ‘व्ह्यू’वर क्लिक करा, ‘शो’मध्ये जा आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवरच याच नावाचा चौकोन आहे.

आता ईमेलमधून आलेल्या ‘बिल.पीडीएफ’चं खरं नाव ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असं दिसलं, तर ती पीडीएफ नव्हेच. तो प्रोग्रॅम आहे, आणि असं नाव चांगल्या हेतूने कोणी देत नाही. न उघडता डिलीट करा.

प्रोग्रॅम बदलायचा असेल तर

फाइलवर राइट क्लिक करा, ‘ओपन विथ’मध्ये ‘चूज अनदर ॲप’ निवडा. यादीतल्या हव्या त्या प्रोग्रॅमवर एकदा क्लिक करा. विंडोज ११ मध्ये खाली ‘ऑलवेज’ आणि ‘जस्ट वन्स’ अशी दोन बटणं असतात. विंडोज १० मध्ये ‘ऑलवेज यूज धिस ॲप’ची टिक असते. नक्की माहीत नसेल तर आधी ‘जस्ट वन्स’ने उघडून बघा. कारण ‘ऑलवेज’ त्या एका फाइलला नाही, त्या शेपटाच्या सगळ्या फायलींना लागू होतं.

प्रोग्रॅम यादीतच नसेल तर विंडोज ११ मध्ये खाली ‘चूज ॲन ॲप ऑन युअर पीसी’ असतं. तिथून सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरात जाऊन त्याची ईएक्सई फाइल दाखवून द्या. दुसरा रस्ता सेटिंग्ज, ॲप्स, ‘डीफॉल्ट ॲप्स’ असा. विंडोज ११ मध्ये तिथल्या वरच्या चौकटीत टिंबासकट एक्स्टेन्शन टाइप केलं की सध्याचा प्रोग्रॅम दिसतो आणि तिथेच बदलताही येतो.

एवढं करूनही पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते अशी तक्रार असेल, तर आधी बघा की फाइल कुठून उघडताय. वेबसाइटवरच्या लिंकवर क्लिक करत असाल तर तिथे विंडोजच्या निवडीचा संबंधच येत नाही, ती पीडीएफ ब्राउझर स्वतःच दाखवतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘पीडीएफ’ असं शोधा आणि ‘डाउनलोड पीडीएफ्स’ निवडा. एजमध्येही पीडीएफ नेहमी डाउनलोड करण्याची सोय आहे.

आणखी एक. ही निवड प्रत्येक युजरची वेगळी साठवली जाते. ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर दोघांची दोन लॉगिन असतील, तर एकाने बदललेलं दुसऱ्याला दिसत नाही. शिवाय विंडोज ८ पासून ही नोंद एका सांकेतिक खुणेने बांधलेली आहे. एखाद्या प्रोग्रॅमने परस्पर ती बदलली आणि खूण जुळली नाही, तर विंडोज ती निवड मानत नाही. म्हणून ‘एका क्लिकमध्ये सगळं दुरुस्त’ म्हणवणारी फुकट सॉफ्टवेअरं घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. हाताने दोन मिनिटांत होतं.

फाइलच खोटी असेल तर

प्रोग्रॅम बरोबर आहे, पण ‘फाइल खराब आहे’ असा निरोप येतो? मग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त पहिली ओळ बघा. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि रोमन लिपीतली पीडीएफ ही अक्षरं, अशी होते. झिप फाइल ‘पीके’ने सुरू होते; झिप बनवणाऱ्या फिल काट्झची ती आद्याक्षरं. वर्डची डीओसीएक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स याही आतून झिपच, त्यामुळे तिथेही ‘पीके’च दिसेल. पण पीडीएफच्या जागी कोनी कंस आणि एचटीएमएल दिसलं, तर तुमच्या हाती वेबपेज आलंय. साइटवरचं लॉगिन संपलेलं असताना डाउनलोड दाबलं की हमखास असं होतं. पुन्हा लॉगिन करून फाइल नव्याने उतरवा, दुसरा इलाज नाही. आणि नोटपॅड बंद करताना काहीही सेव्ह करू नका, नाहीतर चांगली फाइलही बिघडेल.

शेपूट बदलल्याने फाइल बदलत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. आयफोनच्या एचईआयसी फोटोला ‘जेपीजी’ नाव दिलं तरी आत तो एचईआयसीच राहतो. तो विंडोजवर बघायचा तर एचईआयएफ एक्स्टेन्शन (इथे शेपूट नव्हे, विंडोजला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लागतं, आणि बहुतेकदा जोडीला एचईव्हीसीचंही. ती आधीपासून नसतील तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावी लागतात.

प्रोग्रॅमच नसेल तर

लग्नपत्रिकेची सीडीआर फाइल डीटीपीवाल्याने पाठवली आणि ती तुमच्याकडे उघडत नाही, यात तुमच्या सेटिंगचा दोष नाही. ती कोरलड्रॉची आहे. कोरल असूनही जुनं असेल, तर नव्या व्हर्जनची फाइल ते घेत नाही. मजकूर फक्त तपासायचा असेल तर त्याच्याकडून पीडीएफ मागवा. पेजमेकरच्या जुन्या पीएमडी फायली असतील तर इनडिझाइन सीएस ६ किंवा त्याआधीचं शोधावं लागेल. नंतरच्या व्हर्जननी त्या उघडणं सोडून दिलं. आणि फाइल उघडते पण मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात, तर ते फाँटचं दुखणं आहे. ‘ओपन विथ’शी त्याचा संबंध नाही.

सीएसव्हीचा, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलचा, त्रास मात्र वेगळाच आहे. डबल क्लिकवर ती एक्सेलमध्ये उघडते, आणि सर्व्हे नंबर ७/१२ असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. फोन नंबरच्या सुरुवातीची शून्यंही उडतात. अशी फाइल डबल क्लिकने उघडूच नका. कोरं एक्सेल उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने ती आणा, ‘डेटा टाइप डिटेक्शन’मध्ये ‘डू नॉट डिटेक्ट’वालं निवडा आणि मगच ‘लोड’ दाबा.

मॅकवर हे सगळं सोपं आहे: फाइल निवडून कमांड आणि आय दाबा, ‘ओपन विथ’मध्ये प्रोग्रॅम निवडा आणि ‘चेंज ऑल’ दाबा. ते शेवटचं बटण विसरलात तर बदल त्या एकाच फाइलपुरता राहतो.