गोठ्यातली हाणामारी: चौघांसाठी व्हिडिओ गेमची रचना

चार खेळाडू एकाच पडद्यावर म्हैस, बोकड, कोंबडा आणि गाढव घेऊन भिडणार असतील, तर प्रत्येक जनावराचा स्वभाव त्याच्या एका ठळक चालीतून कळला पाहिजे. बोकडाने दोन पावले मागे सरून धडक द्यावी आणि गाढवाच्या पाठीमागे उभे राहणे धोक्याचे ठरावे. म्हैस मात्र संथ, पण सहजासहजी न हलणारी असावी.

खरे काम धडकेच्या क्षणात आहे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. शिंग लागताच दोन्ही जनावरे ४ ते ६ फ्रेम जागच्या जागी थिजवावीत आणि मगच मार खाणारे मागे फेकावे, कारण त्या विरामाशिवाय धडक पोकळ वाटते. त्याआधी बोकडाने मान खाली घातलेली १२ ते १५ फ्रेम स्पष्ट दिसावी, अन्यथा मार चुकवण्याची संधीच मिळत नाही आणि गोंधळातली मजा जाऊन नुसता वैताग उरतो. १९९९ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या मारामारीच्या गेममध्ये आहे तसा, मार साठत जाईल तसे पात्र अधिक लांब फेकले जाण्याचा नियम इथेही शोभतो.

मैदानात कडब्याची गंजी, उकिरडा आणि विहिरीचा काठ एवढे पुरे. त्याहून जास्त पसारा हा बहुधा आरेखकाचा हौसेचा भाग असतो. ऑनलाइन खेळ हवा असल्यास रोलबॅक पद्धत (दूरच्या खेळाडूची चाल अंदाजाने धरून खेळ पुढे चालवायचा आणि अंदाज चुकल्यास मागे जाऊन तो भाग पुन्हा मांडायचा) पहिल्यापासून धरावी, कारण तिच्यासाठी त्याच बटणांतून प्रत्येक यंत्रावर तंतोतंत तोच परिणाम निघावा लागतो, आणि गंजीतून उडणारा कडबाही मार अडवत असेल तर तोही या हिशेबात येतो.