परदेशातून परतलेल्या आजींनी बडोद्याचा उन्हाळा कसा घालवावा

नोकरीची वर्षे टोरांटोत, न्यूजर्सीत किंवा लंडनच्या उपनगरांत काढून निवृत्तीनंतर बडोद्यास परतणाऱ्या मराठी स्त्रियांना नातेवाईक बहुधा एकच सल्ला देतात: थंडीत इथे राहावे आणि होळी झाली की पुन्हा मुलांकडे निघून जावे. सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात या शहरात लग्ने, पतंग आणि परदेशस्थ पाहुणे यांचीच गर्दी असते. आंबा, ताडगोळे, मोगरा, वाळ्याचा वास, चैत्रातले हळदीकुंकू आणि गच्चीवरची झोप ही सुखे मात्र उन्हाळ्याखेरीज मिळत नाहीत. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि उतारवयाच्या शरीराला त्यापासून धोका असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून उन्हाशी झुंज न देता दिवसाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे पहाटे आणि दिवेलागणीनंतर, बाहेरची सुखे आणि मधल्या वेळात घरातली सुखे अशी वाटणी एकदाच करून टाकावी व ती जूनपर्यंत मोडू नये.

सर्वांत आधी, शक्यतो होळीच्या सुमारास, आपल्या औषधांची यादी घेऊन इथल्या डॉक्टरांना भेटावे. परदेशातल्या थंड हवेत ठरवलेली रक्तदाबाची औषधे, विशेषतः लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या, घामाच्या दिवसांत शरीरातले पाणी आणि क्षार फार कमी करू शकतात. मात्रा बदलायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे, आपण मनाने गोळी बंद करू नये. यादीत औषधांच्या व्यापारी नावांऐवजी मूळ घटकांची नावे लिहून न्यावीत, कारण तिकडची नावे इकडे चालत नाहीत. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ असे म्हणणे उन्हाळ्यात उपयोगाचे नाही, घड्याळाकडे पाहून प्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र ते प्रमाण विचारून घ्यावे. अंग तापले आहे आणि बोलण्यात विसंगती येते आहे, असे दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत अंग ओल्या कापडाने पुसत राहावे, इतके घरातल्या कामवाल्या बाईंनाही सांगून ठेवावे.

घराची तयारी गुढीपाडव्यापर्यंत उरकावी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा, कारण पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालच्या खोल्या कमी तापतात. पश्चिमेकडच्या खिडक्यांवर वाळ्याचे तट्टे बांधून त्यांवर दुपारी पाणी शिंपडावे. सकाळी नऊच्या आत सर्व खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि सूर्य मावळल्यावर त्या सताड उघडाव्यात; परदेशातून आलेल्यांना दिवसा खिडकी उघडी ठेवण्याची सवय असते, ती इथे घराची भट्टी करते. कूलर घ्यावा की एसी, हा वाद दरवर्षी होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, मात्र त्यासाठी समोरची एखादी खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओलावा खोलीतच साठतो. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, म्हणून एका झोपण्याच्या खोलीत तरी एसी असावा. केवळ पंख्यावर विसंबू नये, कारण हवाच शरीरापेक्षा गरम असेल तर पंखा तीच गरम हवा अंगावर आणतो.

माठ मात्र हवाच. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, पहिली दोन-तीन पाणी टाकून द्यावीत आणि मग गाळलेले किंवा उकळून निववलेले पाणी त्यात भरावे. तिवईवर, वारा लागेल अशा जागी ठेवून त्याभोवती ओले फडके गुंडाळले की पाणी घशाला सोसेल इतके गार होते. फ्रिजमधल्या बर्फगार पाण्याने घोटभरच पिऊन समाधान होते आणि पाणी कमी पोटात जाते; माठाचे पाणी दोन पेले सहज जाते. त्यात वाळ्याची एक स्वच्छ धुतलेली जुडी टाकावी.

मे महिन्यात बडोद्यात सहाच्या सुमारास उजाडते, तेव्हा फिरायला निघण्याची वेळ तीच. कमाटीबागेसारखी दुसरी जागा नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी वसवलेल्या या बागेत जुने वृक्ष इतके आहेत, की सात-साडेसातपर्यंत बहुतेक वाटा सावलीत असतात. चालणे पुरे झाले की बाकावर बसून नातवंडांना फोन करावा: बडोद्यात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा टोरांटोत आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळेनुसार आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात, म्हणजे झोपण्यापूर्वीची गोष्ट सांगायला हीच वेळ बरोबर सापडते. लंडनची मुले शाळेतून घरी येतात ती इथल्या रात्रीच्या साडेआठला. सिडनीची मुले दुपारी चारला घरी येतात तेव्हा इथे साडेअकरा असतात आणि आपणही घरातच बसलेल्या असतो. या वेळा एका कागदावर लिहून फोनजवळ लावून ठेवाव्यात.

बागेतून परतताना आठवड्यातून एक-दोनदा खंडेराव मार्केटला जावे. १९०६ सालची ही इमारत पाहण्यासारखी आहे, पण आपले काम फुलांशी आणि फळांशी. मोगरा कळ्यांचाच घ्यावा, ओल्या फडक्यात बांधून आणावा आणि चार कळ्या माठाजवळ ठेवाव्यात. फळांच्या बाबतीत परदेशातली सवय अशी की कलिंगड आणि खरबूज घेतले की उन्हाळा झाला. इथे मात्र हातगाड्यांवरची लहान फळे आधी पाहावीत, कारण ती थोडेच दिवस येतात. ताडगोळे, ज्यांना इथले विक्रेते गलेली म्हणतात, ते दाबल्यावर किंचित लवणारे आणि आत पाणी हलणारे निवडावेत. निबर गोळे पोटात दुखवतात. साल आपण घरीच काढावी आणि त्याच दिवशी खावेत. रायणी पिवळ्या, सुरकुतलेल्या आणि गोड असतात. त्यांचा चीक ओठांना चिकटतो, म्हणून आधी पाण्यात टाकून ठेवाव्यात. फालसे मीठ भुरभुरून खावेत किंवा कुस्करून गाळून त्यांचे सरबत करावे. गोरसचिंच ही वेटोळ्यांची, पांढरी-गुलाबी शेंग नातवंडांना दाखवण्यासाठी तरी घ्यावी. चव तुरट असते आणि ती सर्वांना आवडेलच असे नाही. खरबुजाला इथे शक्करटेटी म्हणतात. देठाकडच्या बाजूने वास आला तरच घ्यावे. विक्रेता 'बा, चाखी जुओ' म्हणून फोड पुढे करतो, ती उघड्यावर कापलेली असल्यामुळे नम्रपणे नाकारावी.

आता आंबा. एप्रिलमध्ये रत्नागिरीचा आणि त्यामागून वलसाडचा हापूस येतो, पण या शहराचा खरा आंबा केसर, आणि तो मे महिन्यात भरात असतो. गीरच्या केसरला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे त्या नावाने वाटेल तो आंबा विकणारेही पुष्कळ आहेत, म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याकडूनच पेटी घ्यावी. केसर पिकल्यावरही सालीवर हिरवट झाक राहते. पिवळ्याधमक सालीला भुलू नये, आतला केशरी रंग आणि देठाजवळचा वास पाहावा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी असली तरी धोका संपत नाही, म्हणून कच्ची पेटी आणून घरी गवतात पिकवणे सर्वांत चांगले. आंबे रोज उलटावेत, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नयेत आणि खाण्यापूर्वी तासभर पाण्यात बुडवून ठेवावेत.

रस मिक्सरमधून काढू नये, असा माझा आग्रह आहे. हाताने पिळलेल्या रसात मऊ गाठी राहतात आणि खाताना आंबा खाल्ल्यासारखे वाटते. मिक्सरच्या रसाला डब्यातल्या पल्पची एकसारखी चव येते, आणि तो पल्प परदेशात वर्षानुवर्षे खाऊन झालेलाच असतो. मराठी घरांत रसाबरोबर पुरी किंवा पोळी असते; शेजारच्या गुजराती घरांत रसात सुंठ आणि तूप घालतात व त्याबरोबर बेपडी रोटली, म्हणजे दोन पदरांची पातळ पोळी, करतात. सुंठीची ही पद्धत उतारवयातल्या पोटाला मानवते, ती निःसंकोच उचलावी. मधुमेह असणाऱ्यांनी रसाची वाटी टाळून आंब्याच्या एक-दोन फोडी खाव्यात आणि त्याही भरपेट जेवणावर नव्हे.

पन्हे घरात सतत असावे. कैऱ्या उकडून गर काढावा, गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, वेलदोडा आणि केशर घालून बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा व पिताना पाणी आणि चिमूटभर मीठ घालावे. छुंद्यासाठी राजापुरी कैरी किसून, हळद-मीठ लावून, पिळून, साखर मिसळून पातेल्याच्या तोंडाला पांढरे मलमल बांधावे आणि आठ-दहा दिवस उन्हात ठेवावे. रोज ढवळून, पाक एकतारी झाला की जिरेपूड आणि तिखट घालावे. छुंद्याचे पातेले सकाळी गच्चीवर कोणी न्यायचे आणि संध्याकाळी कोणी आणायचे, हे मात्र आधी ठरवावे. भर दुपारी ते हलवायला आपण जाऊ नये.

अकरा ते पाच हा वेळ वाचनाचा, झोपाळ्याचा आणि झोपेचा. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्याकडून उभारून घेतली. तिथे मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. सदस्यत्व घेऊन पुस्तके थोडी जास्तच आणावीत, म्हणजे उन्हात खेपा पडत नाहीत. झोपाळा घ्यायचा झाला तर संखेड्याचा घ्यावा. बडोद्यापासून जवळच्या त्या गावात सागवानावर लाखेचे रंगकाम करणारे कारागीर आहेत आणि झोपाळ्याची उंची आपल्या गुडघ्यांप्रमाणे बनवून मिळते; पाय जमिनीला टेकतील इतकाच तो उंच असावा. नातवंडे सुट्टीत आली असतील तर कमाटीबागेतल्या १८९४ च्या संग्रहालयात इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, तो कार्यक्रम सकाळच्या भागात उरकावा.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्त्यांत आमंत्रणे एकाच आठवड्यात इतकी येतात, की संध्याकाळी दोन घरांपेक्षा अधिक घेऊ नयेत. आपल्या घरी करताना हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटावी, त्यात कैरीचा कीस, मीठ, साखर घालून वर मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरचीची फोडणी द्यावी. ही डाळ उष्म्याने लवकर आंबते, म्हणून पाहुण्या येण्याच्या तासभर आधीच कालवावी. गौर झोपाळ्यातच बसते, त्यामुळे संखेड्याच्या झोपाळ्याला त्या दिवशी आणखी एक काम मिळते. गुजराती शेजारणींना अवश्य बोलवावे; वर्षानुवर्षे दूर राहिल्यामुळे तुटलेल्या ओळखी जोडायला याहून सोपा प्रसंग नाही.

संध्याकाळी सातनंतर सूरसागर तलावाच्या काठी एक फेरी मारावी. बर्फाचा गोळा खाण्याचा मोह होईल. गाडीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कळत नाही, म्हणून घरच्या बर्फाचा चुरा करून त्यावर फालशाचे किंवा वाळ्याचे सरबत ओतावे, समाधान तेवढेच होते. मे सरता सरता नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो, तेव्हा गच्चीवर पाणी शिंपडून, फरशी निवाल्यावर, मच्छरदाणी लावून झोपावे. जिन्यात दिवा आणि उशाशी विजेरी असावी, कारण रात्री उठावे लागते आणि जिना उतरताना पडण्याची भीती उन्हापेक्षा मोठी आहे.

अमेरिका-कॅनडातल्या शाळांची सुट्टी जूनमध्ये लागते आणि नातवंडे पोहोचतात तोवर केसर संपत आलेला असतो. त्यांच्यासाठी मेअखेरीस साखर न घालता रस लहान डब्यांत भरून, डब्यावर तारीख लिहून, फ्रीझरमध्ये ठेवावा. पहिला पाऊस पडला की वाळ्याचे तट्टे उतरवून उघडीप मिळेल तेव्हा खडखडीत वाळवावेत व कोरड्या जागी उभे ठेवावेत. ओले गुंडाळले तर त्यांना बुरशी येते आणि पुढच्या वर्षी नवे घ्यावे लागतात.