लॅपटॉप दुरुस्तीला देताना: पासवर्ड कधी द्यायचा आणि डिस्क कधी घरीच ठेवायची

ठाण्यात गोखले रोडच्या एखाद्या गाळ्यात किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये लॅपटॉप काउंटरवर ठेवला की दोन प्रश्न हमखास येतात. "काय प्रॉब्लेम आहे?" आणि "पासवर्ड काय आहे?" पहिल्याचं उत्तर देताना माणूस विचार करतो, दुसऱ्याचं मात्र पटकन सांगून टाकतो. तो पासवर्ड पावतीच्या कोपऱ्यात लिहिला जातो, पावती रबरबँडने लॅपटॉपला अडकवली जाते आणि मशीन रॅकवर जातं. पुढचे चार दिवस त्या रॅकजवळून जाणारा कोणीही तो वाचू शकतो.

या पासवर्डने, म्हणजे विंडोजच्या पिनने, काय काय उघडतं ते आधी बघू. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड बघायला विंडोजचा हाच पिन लागतो, म्हणजे तो दिला की ईमेलपासून विजेच्या बिलाच्या खात्यापर्यंत सगळं एका जागी वाचता येतं. व्हॉट्सअॅप लॅपटॉपवर जोडलेलं असेल तर चॅट समोरच आहेत. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं पडलेली असतात. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल; ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. शेजारच्याच फोल्डरमध्ये बायोडेटा असेल तर या दोन्हींची उत्तरं त्यात लिहिलेली असतात.

ही भीती उगाच नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी लॅपटॉपमध्ये आवाजाचा किरकोळ बिघाड मुद्दाम करून ते १६ दुकानांत दुरुस्तीला दिले आणि आत काय उघडलं जातं याची नोंद ठेवली. सहा ठिकाणी खासगी फाइली पाहिल्या गेल्या, त्यातल्या दोन ठिकाणी त्या बाहेरच्या उपकरणावर कॉपीही झाल्या. आपल्याकडचे बहुसंख्य कारागीर प्रामाणिकपणे काम करतात, दिवसाला दहा मशीनं उरकायची असताना त्यांना कोणाचे फोटो बघायला वेळही नसतो. तरीही काम असं द्यावं की शंकेला जागाच राहू नये. यात दुकानदाराचंही रक्षण आहे. उद्या तुमचा एखादा फोटो बाहेर गेला, तर संशय आधी त्याच्यावरच येणार.

आधी ठरवा, कामाला पासवर्ड लागतो का

बॅटरी, कीबोर्ड, पॅनेल, हिंज, चार्जिंगचा जॅक, पंख्याची सफाई, थर्मल पेस्ट, रॅम वाढवणं: यातल्या एकाही कामाला विंडोज उघडावं लागत नाही. काम झाल्यावरची तपासणीसुद्धा विंडोजबाहेर होते. डेलच्या मशीनला चालू करताना एफ १२ दाबून आणि एचपीला एफ २ दाबून कंपनीची स्वतःची हार्डवेअर चाचणी चालवता येते. चांगल्या टेक्निशियनकडे स्वतःचा बूट होणारा, म्हणजे तुमचं विंडोज न उघडता मशीन चालू करणारा, पेन ड्राइव्हही असतो, त्यावरून आवाज, कॅमेरा, वाय-फाय सगळं तपासता येतं. त्यामुळे काउंटरवर एवढंच विचारा: "दादा, या कामाला पासवर्ड कशासाठी लागेल?" ज्याला काम येतं तो नेमकं कारण सांगतो, किंवा "नको, राहू दे" म्हणतो. "आमच्याकडे सगळेच देतात" हे उत्तर कारण म्हणून धरू नका. घ्यायला जाल तेव्हा पिन स्वतः टाका आणि सगळं समोर तपासून घ्या.

विंडोज हळू चालणं, व्हायरस, अपडेट अडकणं, प्रिंटर किंवा टॅलीचा घोळ, अशा कामांना मात्र लॉगिन लागतं. त्यासाठी वेगळं खातं करा. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', तिथे 'अदर युजर्स', मग 'अॅड अकाउंट'. मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल. त्याखालचा 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाचा पर्याय घ्या आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा. नाव 'दुरुस्ती' आणि साधा पासवर्ड द्या. खात्याचा प्रकार 'स्टँडर्ड' राहू द्या.

इथेच लोक फसतात. एखादा ड्रायव्हर टाकायला परवानगी मिळत नाही म्हणून दुकानातून फोन येतो आणि आपण खातं 'अॅडमिनिस्ट्रेटर' करून देतो. अॅडमिनिस्ट्रेटरला तुमच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर फक्त एक सूचना दिसते. 'कंटिन्यू' दाबलं की फोल्डर उघडतो. म्हणून असा फोन आला तर शक्यतो दुकानात जाऊन पासवर्ड स्वतः टाका. ते जमत नसेल तर अॅडमिनिस्ट्रेटरचा हक्क द्या, पण त्याआधी खासगी फाइली मशीनवरून हलवलेल्या असू द्या.

पासवर्ड न देणं पुरेसं नाही

डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, नसेल तर विंडोजच्या पासवर्डला काही अर्थ उरत नाही. एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, काढायची, यूएसबीच्या केसमध्ये बसवायची, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. दहा मिनिटांत सगळे फोल्डर समोर. बूट होणाऱ्या पेन ड्राइव्हवरूनही तेच होतं, त्याला तर मशीन उघडावंही लागत नाही.

त्यामुळे मशीन अजून चालू आहे तोवरच सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. विंडोज प्रोमध्ये हेच काम करणारं बिटलॉकर मिळेल. बंद असेल तर चालू करा, आणि पूर्ण होईपर्यंत चार्जर काढू नका. त्यानंतरचं काम त्याहून महत्त्वाचं: ४८ आकडी रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर ती बहुधा त्या खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या डिव्हाइसच्या नावाखाली असते. फोनवरून उघडून आकडे खरंच दिसतात का ते बघा. कागद घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

विंडोज ११ च्या अनेक मशीनांत हे एन्क्रिप्शन मायक्रोसॉफ्ट खातं जोडताच आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. मग मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस (मशीन चालू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) अपडेट झालं की निळा पडदा येतो आणि ती की मागतो, कारण कुलूप बोर्डावरच्या टीपीएम चिपशी बांधलेलं असतं. की सापडली नाही तर डेटा गेला. दुकानदाराने फॉरमॅट मारायचं सुचवलं तर त्यात त्याचा दोष नाही. बोर्डचं काम असेल तेव्हा काही जण बिटलॉकर 'सस्पेंड' करून द्यायला सांगतात. सस्पेंड केल्यावर कुलपाची किल्ली डिस्कवरच उघडी पडून राहते, तेव्हा अशा अवस्थेत मशीन दुकानात ठेवू नका. बोर्ड बदलून आल्यावर की स्वतःच्या हाताने टाका.

सगळ्यात पक्का उपाय: डिस्क घरी

हार्डवेअरच्या कामाला डिस्क लागतच नाही. टेक्निशियन स्वतःची जुनी एसएसडी लावून मशीन तपासू शकतो. मशीन मेलंय, चालूच होत नाही, अशा वेळी तर एन्क्रिप्शन करायची संधीही हातून गेलेली असते, आणि हाच एक मार्ग उरतो.

लॅपटॉप शट डाउन करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा. मागच्या झाकणाचे स्क्रू सहसा साध्या फिलिप्स शून्य नंबरच्या पेचकसाने निघतात. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर झाकणाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर तो वर कीबोर्डच्या बाजूने फुगवटा आणतो किंवा बोर्ड फोडतो. झाकण उचलत नसेल तर जोर लावू नका, रबराच्या पायांखाली एखादा स्क्रू लपलेला असतो. सगळे निघाल्यावर जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीत घालून कडेने क्लिपा सोडवत जा. झाकण निघालं की बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवा.

एसएसडी म्हणजे बहुतेक मशीनांत च्युइंगगमच्या पट्टीएवढी, २२ बाय ८० मिलिमीटरची पाटी. टोकाला एकच बारीक स्क्रू. तो काढला की पाटी स्वतःच तिरकी वर उठते. तशीच तिरकी ठेवून सरळ बाहेर ओढा. कडेला धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी नसेल तर कागदाच्या पाकिटात ठेवा, भाजीच्या पिशवीत नको. स्क्रू त्याच पाकिटाला चिकटवा, कारण तो हरवला की दुसरा मिळवण्यात अर्धा दिवस जातो.

हाताला सवय नसेल तर दुकानदाराला समोर काढून द्यायला सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मॅकबुकमध्ये आणि काही स्वस्त पातळ लॅपटॉपांत स्टोरेज बोर्डावरच बसवलेलं असतं, तिथे हा मार्ग बंद. मॅकवर फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकचं एन्क्रिप्शन, चालू ठेवा आणि पासवर्ड देऊ नका. वॉरंटीत मशीन देताना मात्र सर्व्हिस सेंटरला आधी विचारून मगच झाकण उघडा. तिथेच हेही विचारा की डिस्क बदलली तर जुनीचं काय होतं. वॉरंटीत बदललेली डिस्क सहसा कंपनीकडे परत जाते, तुमच्या डेटासकट.

द्यायच्या आदल्या रात्री

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर काढा आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. फोनवर व्हॉट्सअॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून लॅपटॉप काढून टाका. पासवर्ड गूगल खात्यात सिंक झालेत याची खात्री करून क्रोममधलं प्रोफाइल काढा. सीए आणि छोट्या व्यावसायिकांनी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आठवणीने काढून घ्यावं; ते बॅगेच्या कप्प्यात राहून जातं आणि त्याचा पिन अनेकदा त्यावरच चिकटवलेला असतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम चालवून त्याच्या खिडकीचा फोटो काढा. त्यात डिस्कचा सिरियल नंबर, किती तास चालली आणि आजवर एकूण किती जीबी वाचले गेले, तो 'टोटल होस्ट रीड्स'चा आकडा असतो. याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर, रॅम किती जीबी, एसएसडी कोणत्या कंपनीची आणि किती जीबी, चार्जर दिला की नाही, हे लिहून घ्या. त्याखाली दोन ओळी: "डेटा पाहू किंवा कॉपी करू नये. फॉरमॅट करण्याआधी किंवा काम दुसरीकडे पाठवण्याआधी फोन करावा." दुसरी ओळ महत्त्वाची आहे. चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरच्या सुट्या चिपा दुरुस्त करायचं, काम बरीच दुकानं स्वतः करत नाहीत, मशीन बाहेरच्या कारागिराकडे जातं. तुम्ही ज्याच्यावर विश्वास टाकला तो एक आणि मशीन उघडणारा दुसरा, असं होतं.

घोडबंदर रोडला किंवा खारघरला सोसायटीत टेक्निशियन घरी येत असेल तर उत्तमच, शेजारी बसा. त्याचा पेन ड्राइव्ह कशासाठी लागतोय ते विचारा. एनीडेस्कवरून (दुरून लॅपटॉप चालवू देणारा प्रोग्राम) काम असेल तर पडद्यासमोरून उठू नका आणि काम संपताच तो प्रोग्राम अनइन्स्टॉल करा. त्यात कायमचा पासवर्ड ठेवला असेल तर नंतर कधीही, तुमच्या संमतीशिवाय, आत येता येतं.

डेटा परत मिळवायचं काम याला अपवाद आहे, तिथे समोरच्याला फाइली दिसणारच. रिकामी डिस्क तुम्ही न्या, कोणते फोल्डर हवेत ते लिहून द्या, आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहिलेली प्रत कधी पुसणार ते पावतीवर घ्या.

मशीन परत आल्यावर

रॅम आणि डिस्कचा सिरियल नंबर फोटोशी ताडून बघा. मग 'टोटल होस्ट रीड्स'. विंडोज चालू-बंद होण्यात आणि साध्या कामात काही जीबी वाढतातच. पण तुमच्या डिस्कवर २०० जीबीचे फोटो असतील, काम फक्त कीबोर्डचं असेल आणि आकडा २१० ने वाढला असेल, तर विचारायला हवं. उत्तर साधंही असू शकतं, पूर्ण व्हायरस स्कॅन किंवा खबरदारीचा बॅकअप संपूर्ण डिस्क वाचतो. बॅकअप घेतला असेल तर तो तुमच्यासमोर पुसायला सांगा.

सेटिंग्जमध्ये अनोळखी युजर आहे का, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर राहिलंय का, क्रोममध्ये नवीन एक्स्टेन्शन आलंय का, हे पाहा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस संरक्षणाच्या सेटिंग्जमध्ये 'एक्सक्लूजन्स' नक्की उघडा. फुकटचं ऑफिस टाकून दिलं असेल तर ते चालू करणाऱ्या क्रॅकला अँटिव्हायरस पकडू नये म्हणून त्याचा फोल्डर इथे घातलेला असतो. असं दिसलं तर फाइली बॅकअपमध्ये ठेवून विंडोज नव्याने टाका. 'दुरुस्ती' खातं काढून टाका. पिन दिला असेल तर पिन, आणि ईमेलचा व बँकेचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही पोलीस आयुक्तालयांत सायबर पोलीस ठाणं आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तक्रार देईपर्यंत मशीन फॉरमॅट करू नका, शक्यतो चालूही करू नका. पावती, आधीचे फोटो आणि दुकानाशी झालेले मेसेज सोबत घेऊन जा.