१८२० च्या केपवासी पूर्वजाचे आईवडील शोधायचे तर उलटीकडून चला

१८२० साली दक्षिण आफ्रिकेतल्या अल्गोआ बे या उपसागरात उतरून तिथल्या केप वसाहतीच्या पूर्व सरहद्दीवर, अल्बनी भागात वसलेल्या ब्रिटिश कुटुंबांचा माग काढताना बहुतेक जण जन्मदाखल्यापाशी अडतात. केपमध्ये जन्म-मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी १८९५ पासूनची, त्यामुळे आधीचा जन्मदाखला मिळणार कुठून? त्याऐवजी 'डेथ नोटीस', म्हणजे मृत्यूची सूचना, शोधा. वारसाहक्कासाठी भरलेल्या या कागदावर जन्मस्थान, आईवडील, जोडीदार आणि मुलांची नावं विचारलेली असत. एका कागदात तीन पिढ्या!

१. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत आडनाव शोधा.
२. केप टाउनच्या भांडारातल्या 'एमओओसी' (मृतांच्या मालमत्तेची कागदपत्रं) मालिकेतल्या नोंदी निवडा आणि खंड व क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या.
३. त्यावरून फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर स्कॅन पाहा. खातं मोफत आहे.

विवाहित बाई सापडत नसेल तर माहेरचं आडनाव घालून बघा, तिथे ते बरेचदा नोंदवलेलं असतं. अल्बनीतल्या ग्रॅहम्सटाउन या गावाचं नाव आता मखांडा आहे, जुन्या कागदांत मात्र जुनंच सापडेल.

एक जपा: माहिती मागे राहिलेल्यांनी सांगितलेली असते. मृताच्या आईवडिलांचं नाव चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडल्याशिवाय वंशवृक्षात लिहू नका.