पृथ्वी फुगतेय असा व्हिडिओ आला तर काय तपासायचं

काळ मागे नेला की पृथ्वीचा गोळा आकसत जातो, समुद्र गायब होतात आणि सगळे खंड एकमेकांना फिट्ट बसतात, असं अ‍ॅनिमेशन कधी ना कधी तुमच्यापर्यंत येतंच. पहिल्यांदा बघताना पटतं पण. लगेच फेकाफेक म्हणून उडवून लावू नका, त्यात खरं किती आहे ते आधी बाजूला काढा.

महासागरांचा तळ खरंच तरुण आहे, बहुतेक सगळा 20 कोटी वर्षांच्या आतला, आणि खंडांवर 400 कोटी वर्षं जुने दगड सापडलेत. इथपर्यंत बरोबर. पण त्यावरून "म्हणजे आधी महासागर नव्हतेच, पृथ्वी छोटी होती" ही उडी असे व्हिडिओ बनवणाऱ्यांची स्वतःची. आणि हे बोलणारे सगळे येडेगबाळे नव्हते हां, सॅम्युअल वॉरन कॅरी हा टास्मानियातला नावाजलेला जिऑलॉजिस्ट, खंड सरकतात हे बरेच जण मानायला तयार नव्हते तेव्हा तो ठामपणे मानत होता आणि तरी फुगण्याच्या बाबतीत चुकला, त्यामुळे डिग्री बघून निकाल लावू नका.

आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. खंड चिकटून गोळा पूर्ण झाकायचा तर त्रिज्या आजच्या साधारण 60 टक्के लागते. वस्तुमान तेवढंच धरा. 0.6 चा घन 0.216, पृथ्वीची सरासरी घनता 5.5, भागाकार केला की 25 च्या वर जातो, म्हणजे अख्खी पृथ्वी सरासरीने ऑस्मियम या सगळ्यात दाट धातूपेक्षा (22.6) जड! गुरुत्वाकर्षण आजच्या पावणेतीन पट. दिवसही जेमतेम साडेआठ-नऊ तासांचा, कारण गोळा आकसला की गिरकी वाढते. आणि 1963 मध्ये जॉन वेल्सने डेव्होनियन काळातल्या (सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या) कोरलच्या जीवाश्मांवरच्या रोजच्या वाढीच्या बारीक रेघा मोजल्या तर वर्षाला सुमारे 400 दिवस निघाले, म्हणजे दिवस 22 तासांच्या आसपास. वस्तुमान नंतर वाढलं म्हणत असतील तर ते आलं कुठून एवढंच विचारा, उत्तरं भारी मिळतात.

दुसरा आकडा वेगाचा. 20 कोटी वर्षांत त्रिज्या अडीच हजार किलोमीटर वाढली तर वर्षाला सव्वा सेंटीमीटर झाले. नासाच्या टीमने 2011 मध्ये उपग्रह वगैरे वापरून मोजलं तर वर्षाला 0.1 मिलिमीटर, आणि तेही मोजमापातल्या चुकीच्या मर्यादेत. त्यात हवाई दरवर्षी काही सेंटीमीटरने जपानच्या जवळ सरकतंय, नुसतं फुगत असतं तर लांब जायला हवं होतं.

मग जुना तळ गेला कुठे? हे स्वतः बघता येतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजा इथेच आहे. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या वेबसाईटवर भूकंपाचा कॅटलॉग फुकट आहे. जपानच्या पूर्वेच्या खोल समुद्रापासून चीन-रशियाच्या किनाऱ्यापर्यंत नकाशावर चौकोन काढा, 10-20 वर्षांचे 5 रिश्टरच्या वरचे भूकंप मागवा आणि खोलीचा कॉलम बघा. पूर्वेला सागरी गर्तेजवळ 20-30 किलोमीटर, पश्चिमेला जाल तसं 100, 300, 500, असं तिरकं खाली उतरत जातं. ती तिरकी पट्टी म्हणजेच आत बुडत चाललेला तळ. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वदातीला हे 1930 च्या आसपासच दिसलं होतं, प्लेट टेक्टॉनिक्स (कवचाचे मोठे तुकडे सरकतात हा सिद्धांत) यायच्या कितीतरी आधी.

बाकीच्या थिअऱ्यांना एवढा वेळ देऊ नका. चार्ल्स हॅपगुड या अमेरिकी लेखकाचं म्हणणं की अख्खं कवच सरकलं आणि अंटार्क्टिका 10-12 हजार वर्षांपूर्वी ध्रुवावर जाऊन बसला. त्याच्या पुस्तकाला आइनस्टाइनची प्रस्तावना आहे हे खरं, पण तिथल्याच बर्फाच्या कोअरमध्ये (खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यात) 8 लाख वर्षांचे थर सलग मिळालेत, विषय संपला. लेमुरिया हा बुडालेला म्हणतात तो खंड तर 1864 मध्ये फिलिप स्क्लेटरने लेमूर माकडांसारखे प्राणी मादागास्करहून बाहेर कसे पसरले ते समजावायला काढलेली कल्पना, बुडालेली संस्कृती वगैरे नंतर चिकटली. "मॉरिशसखाली हरवलेला खंड सापडला" ही हेडलाईन फिरत असते ती झिरकॉन या खनिजाच्या अतिशय जुन्या कणांवरून आलीय, म्हणजे खंडाच्या कवचाचा तुकडा, शहरं-मंदिरं नाहीत. आणि गुगल अर्थवर समुद्रात सरळ रस्ते दिसले तर ते सोनार घेऊन फिरलेल्या जहाजांचे मार्ग असतात.

शेवटी "वेगेनरलाही हसलेच होते" हे येणारच, म्हणजे खंड सरकतात असं म्हणणारा जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर. हो, हसले होते, 1912 पासून जीवाश्म, दगड, जुन्या हिमनद्यांच्या खुणा सगळं दाखवत होता, पण खंड ढकलणारं बळ म्हणून त्याने जे सांगितलं ते फारच तोकडं होतं. 1930 मध्ये ग्रीनलंडमध्ये तो वारला तरी वाद चालूच. 1963 मध्ये व्हाईन आणि मॅथ्यूज यांनी सांगितलं की तळ मधून पसरत असेल तर समुद्राच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय पट्टे आरशासारखे सारखे हवेत, जहाजांनी मोजले, निघाले, आणि काही वर्षांत बहुतेक जिऑलॉजिस्ट पलटले. तर वेगेनरचं नाव घेणाऱ्याला पट्ट्यांसारखं आधी सांगून मग मोजलेलं काय आहे ते दाखवायला सांगा, अ‍ॅनिमेशन सोडून.